नळाशी गाठ मारलेली सकाळ

आमच्या भांडुपच्या घरात पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी नळ आधी फुसफुसतो. पाइपातली हवा बाहेर पडते, दोनदा खाकरल्यासारखा आवाज होतो आणि मग धार लागते. गेली चौदा वर्षं मी त्या आवाजाला उठते. ताप असू दे, रात्री लग्नाहून उशिरा आलेलो असू दे, पाणी चुकवलेलं मला आठवत नाही. आमच्या चाळीत कुणालाच आठवत नसेल.

याच चौदा वर्षांत मी सकाळी उठून प्राणायाम करायचं पाच-सहा वेळा ठरवलं, दोनदा डायरी आणली, एकदा चालायला बूट घेतले. त्यातलं काहीही पंधरा दिवसांपलीकडे टिकलं नाही. बरेच दिवस मला वाटायचं, आपल्यात चिकाटीच नाही. पण चिकाटी नसलेली बाई इतकी वर्षं पहाटे पाणी भरेल का? पाण्याची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, भांडी रात्रीच घासून मोरीपाशी मांडलेली. आज करू की नको, हा प्रश्नच तिथं उठत नाही. प्राणायामाला मात्र ना वेळ होती ना जागा. जमेल तेव्हा, जमेल तिथं.

मग मी माझ्या सकाळच्या शांत वेळेची गाठ नळाशीच मारली. तीन वर्षं झाली, सुटलेली नाही. मुंबईत लहान घर, नोकरी, शाळा, लोकल हे सगळं सांभाळून ज्यांना सकाळची धावपळ थोडी कमी करायची आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत क्रमाने सांगते. यात पहाटे चारला उठायचं नाही, काही विकत आणायचं नाही.

आधी तीन दिवस फक्त बघा

सुरुवातीला काहीही बदलू नका. एक कागद ओट्याजवळ चिकटवा आणि तीन दिवस सकाळी कुठे कुठे अडलात ते दोन-दोन शब्दांत लिहा. किती वाजता उठलो, काय काय केलं असली मोठी नोंद नको, ती कुणी करत नाही. फक्त अडलेल्या जागा लिहा.

माझ्या कागदावर पहिल्या दिवशी हे होतं: लेकाचं आयकार्ड. भाजी कुठली? निळ्या ड्रेसला इस्त्री नाही. छत्री. रिक्षाला सुटे नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आयकार्ड, पुन्हा भाजी. तिसऱ्या दिवशी कागद वाचताना लक्षात आलं की कामाने माझा वेळ जातच नव्हता. चपात्या मी पंचवीस मिनिटांत करते आणि रोज तेवढ्यातच होतात. वेळ जायचा शोधण्यात, विचारण्यात आणि ठरवण्यात. त्यातच आवाज चढायचा. 'आई, माझं आयकार्ड कुठंय?' या एका वाक्यावरून आमच्याकडे किती सकाळी कडू झाल्या असतील!

हा कागद करायचं मी मनावर घेतलं, त्यामागे एक प्रसंग आहे. दूध गॅसवर ठेवून मी कपाटात लेकाचा टाय शोधत बसले. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस तसाच चालू राहिला. सासूबाईंना वास आला म्हणून त्यांनी उठून बटण बंद केलं आणि दार-खिडक्या उघडल्या. त्या दिवशी ऑफिसला पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते. धांदल म्हणजे नुसती चिडचिड, असं तोवर मी धरून चालले होते.

गाडीपासून उलटं मोजा

मुंबईकराला त्याची गाडी विचारली की तो मिनिटासकट सांगतो. माझी ८.०६ ची स्लो. ही वेळ आपल्या हातात नाही, म्हणून मोजायला सुरुवात तिथून करायची आणि मागे मागे यायचं.

घरापासून स्टेशन, शेअर रिक्षाच्या रांगेसकट वीस मिनिटं. म्हणजे ७.४० ला दाराबाहेर. अंघोळ, कपडे, देवापुढे दिवा यांना पस्तीस मिनिटं, म्हणजे ७.०५. लेकाची शाळा ७.२० ची, तो ७.०५ लाच निघतो, तेव्हा त्याचा डबा आणि आमचे डबे ६.५० पर्यंत भरलेले हवेत. स्वयंपाकाला तास. म्हणजे ५.५० ला गॅस पेटला पाहिजे. आणि पाणी येतं ५.१० ला.

हे गणित कागदावर मांडलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ५.१० ते ५.५० हा वेळ माझ्याकडे होता. मी तो पाणी भरण्यात गेला असं समजत होते. आमचं दोनशे लिटरचं निळं पिंप भरायला अठरा-वीस मिनिटं लागतात. त्या वेळात नळ पाणी भरतो. मी भरत नाही, मी फक्त पाइप धरून उभी असते.

तुमचंही असंच उलटं मोजा, आणि दोन गोष्टी पाळा. पहिली, जी गाडी पकडलीच पाहिजे तिच्या आधीची गाडी 'आपली' समजा. सहा-सात मिनिटांच्या फरकाने अख्ख्या सकाळचा सूर बदलतो, कारण रिक्षाची रांग लांब दिसली तरी पोटात गोळा येत नाही. दुसरी, गणित उठण्याच्या वेळेपाशी थांबवू नका. अजून मागे जा. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते. ५.१० ला उठायचं तर दहाच्या सुमाराला डोळा लागलेला हवा. तो बाराला लागत असेल तर उठण्याची वेळ अलीकडे ओढू नका. आधी झोपण्याची वेळ दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. झोप कापून सकाळी मिळवलेला अर्धा तास दुपारी कामावर व्याजासकट परत द्यावा लागतो, हे मी स्वतः भोगलं आहे.

संध्याकाळी सहाचा ऑफिसातला चहाही इथे मोजा. चहातलं निम्मं कॅफीन अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. सहाचा कप अकराला अजून निम्मा शिल्लक असतो. मी शेवटचा चहा साडेतीनला आणला आणि आठवड्याभरात फरक कळला.

रात्रीची वीस मिनिटं

सगळ्या पद्धतीत एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. बाकीचं मागाहून येईल.

ओटा पुसला, गॅस बंद केला की आमच्याकडे दिवस संपायचा. आता त्याला वीस मिनिटं जोडली आहेत, साडेनऊ ते नऊ पन्नास. त्या वेळात उद्याच्या सकाळी जे जे ठरवावं लागेल ते ठरवून टाकायचं आणि जे जे शोधावं लागेल ते दिसेल असं ठेवायचं.

भाजीचं मी आठवड्याचंच ठरवलं. सोमवारी फरसबी, मंगळवारी मटकीची उसळ, बुधवारी बटाटा, गुरुवारी पालेभाजी, शुक्रवारी कोबी. कंटाळवाणं वाटेल, पण 'आज भाजी काय?' हा प्रश्न पहाटे साडेपाचला पडणं जास्त जड. आणि बाजारात ताजं काही दिसलं की बदलायला कोण अडवतंय? उसळ असेल तर मटकीला मोड आलेत का हे रात्री बघायचं. फरसबी, कोबी रात्रीच चिरून डब्यात. पालेभाजी निवडून ठेवायची, धुवायची आणि चिरायची मात्र सकाळी, नाहीतर मलूल पडते. कणीक रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवली तर वरून तेलाचा हात फिरवा आणि झाकण घट्ट लावा. सकाळी उठल्या उठल्या ती बाहेर काढली की लाटायच्या वेळेपर्यंत मऊ होते. ज्यांच्या घरी शिळी कणीक चालत नाही त्यांनी पीठ मोजून परातीत काढून झाकून ठेवावं. तेवढंही पुरतं.

मग दाराजवळची खुंटी. आमच्या दारामागे चार खुंट्या आहेत. एकीवर लेकाचं दप्तर आणि त्याच्याच पट्ट्याला अडकवलेलं आयकार्ड. दुसरीवर माझी पर्स, तिच्यात पास आणि पुढच्या कप्प्यात रिक्षाचे सुटे. तिसरीवर नवऱ्याची बॅग. चौथीवर जून ते सप्टेंबर छत्र्या, एरवी रिकामी. आयकार्ड शाळेतून आल्यावर गळ्यातून निघतं ते थेट खुंटीवर जातं. ही सवय लागायला लेकाला तीन आठवडे लागले. मी रागावले नाही, रोज फक्त खुंटीकडे बोट दाखवलं.

कपडे, इस्त्री, आतले कपडे, मोजे, सगळं एकावर एक, खुर्चीवर. घरात खुर्ची ठेवायला जागा नसेल तर पिशवीत घालून खिळ्याला टांगा. चाळीत राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांसाठी पाच कापडी पिशव्या टांगल्या आहेत. अंधारात, दिवा न लावता, कुणालाही न उठवता प्रत्येक जण आपली पिशवी काढून घेतो.

शेवटी पाण्याची तयारी: पिंप विसळून, कळशा उपड्या, पाइप नळाला जोडलेला. आणि मोरीशेजारी एक पाट. तो कशाला, ते पुढे सांगते.

पिंप भरेपर्यंत

सकाळचा मुख्य भाग हाच, आणि तो वीस मिनिटांचा आहे.

५.१० ला उठते. चूळ भरते, तोंडावर पाणी मारते, रात्री भरून ठेवलेल्या तांब्यातलं भांडंभर पाणी पिते. पाइप पिंपात सोडते आणि पाटावर बसते. मोबाइल माझ्याजवळ नसतो. डोळे मिटलेले असले तरी कान पिंपाकडे असतात. रिकाम्या पिंपात धार पडते तेव्हा आवाज मोठा आणि पोकळ असतो, अर्ध्यावर आलं की तो दाटतो, काठाशी आलं की बारीक होत जातो. घड्याळ बघावं लागत नाही.

या वेळात काय करायचं? पहिले दोन आठवडे काहीही करू नका, नुसतं बसा. हे महत्त्वाचं आहे आणि लोक नेमकं हेच गाळतात. पहिल्याच दिवशी ध्यान, सूर्यनमस्कार, वाचन असं सगळं बसवायला गेलात की ती अजून एक ड्युटी होते. घरातल्या बाईच्या वाट्याला आधीच पुरेशा ड्युट्या असतात. जाग आल्यावर मेंदू पूर्ण भानावर यायला वेळ घेतोच, कुणाला पंधरा मिनिटं तर कुणाला जास्त. त्या वेळात त्याच्यावर काही लादलं नाही तर तो आपोआप मोकळा होतो.

दोन आठवड्यांनंतर श्वास जोडा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. नाकानेच, आवाज न करता, रोखून न धरता. असे दहा श्वास म्हणजे दोन मिनिटंही होत नाहीत. बाहेर सोडलेला श्वास लांबवला की हृदयाची गती थोडी उतरते, आणि ते छातीवर हात ठेवला तर स्वतःलाच जाणवतं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडा आणि साधा श्वास घ्या. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

यापुढे जाऊन नीट प्राणायाम शिकावासा वाटला तर मोबाइलवर बघून न शिकता शिक्षकांसमोर बसून शिका. आपलं शहर त्या बाबतीत भाग्यवान आहे. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट १९१८ पासून सुरू आहे, आणि लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी काढलं. द योगा इन्स्टिट्यूट काढणारे योगेंद्रजी आणि कैवल्यधामचे कुवलयानंद, दोघेही माधवदासजी या एकाच गुरूंचे शिष्य. घरसंसारातल्या माणसाला योग शिकवायचा, हा विचार इथे शंभर वर्षांपासून मुरलेला आहे.

ज्यांना देवाचं नाव घ्यायचं आहे त्यांनी ते घ्यावं. माझ्या सासूबाई उठल्यावर दोन्ही तळहात जोडून बघतात आणि 'कराग्रे वसते लक्ष्मी' म्हणतात. ते त्यांच्या आईने लावलेलं आहे आणि सत्तरी ओलांडली तरी एक दिवस चुकलेलं नाही. उठणं आणि तळहात बघणं यात त्यांच्या बाबतीत फटच उरलेली नाही. नवी सवय अशीच एखाद्या जुन्या, न चुकणाऱ्या गोष्टीला चिकटवायची असते.

तुमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस तास टाकीचं पाणी असेल तर तुमची न चुकणारी गोष्ट वेगळी असेल. दारातली दुधाची पिशवी आत घेणं, दूध तापायला ठेवणं, सोसायटीचा पंप सुरू होण्याचा आवाज, चहाचं आधण. आधण उकळेपर्यंतची चार मिनिटंही पुरतात, फक्त ओट्याला टेकून उभं राहा आणि त्या वेळात भांडी घासायला घेऊ नका.

मी भांडुपची, म्हणून हे सांगायचा मोह आवरत नाही. मुंबईला पाणी सात तलावांमधून येतं. त्यातले फक्त विहार आणि तुळशी शहरात आहेत, विहारचं पाणी तर १८६० पासून येतंय. बाकी पाणी भातसा, तानसा, वैतरणेकडून डोंगर-खाड्या ओलांडत येतं आणि त्यातलं बरंचसं आमच्याच भांडुपच्या केंद्रात शुद्ध होतं. केंद्र शेजारी असूनही टेकडीवरच्या आम्हाला दीड तासच पाणी. पण पाटावर बसून धार ऐकताना ते शहापूरच्या जंगलातून इथवर आलंय हे आठवलं की ती वीस मिनिटं मला मोलाची वाटतात.

मोबाइल दुसऱ्या खोलीत, नाहीतर दुसऱ्या भिंतीला

आमच्या घराला दुसरी खोली नाही, स्वयंपाकघर आहे. मोबाइल रात्री फ्रीजच्या वर चार्जिंगला. गजर तिथेच वाजतो. वाजलाच तर उठून जावं लागतं.

पहिल्या अर्ध्या तासात मोबाइल उघडायचा नाही, या एका नियमावर माझ्याशी अनेकांनी वाद घातला. गाड्या वेळेवर आहेत का बघायचं असतं, शाळेच्या ग्रुपवर सुट्टीचं आलंय का बघायचं असतं. बरोबर आहे. पण ते सहा वाजता बघितलं तरी चालतं. ५.१५ ला बघून गाडी वेळेवर येत नाही. अडचण अशी की गाडीचं बघायला उघडलेल्या मोबाइलवर रात्री अकराला आलेला साहेबांचा मेसेज असतो, गावच्या जमिनीवरून भाऊबंदांत पेटलेलं असतं, कुणाच्या तरी निधनाची बातमी असते. अजून तोंडही धुतलेलं नसताना हे सगळं अंगावर घ्यायचं कशाला?

घरात आजारी माणूस असेल किंवा लेक परगावी असेल, तर रिंग चालू ठेवा आणि बाकी सगळं म्यूट करा. ज्याला खरंच गरज आहे तो फोन करतो.

उजेड

या पायरीला पैसे लागत नाहीत आणि वेळही जवळपास नाही. उजाडलं की दहा मिनिटं उघड्यावर या. गॅलरी, गच्ची, चाळीचा व्हरांडा, काहीही चालेल. आपल्या शरीरातलं घड्याळ उजेडावर लावलं जातं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकातलं नोबेल मिळालं. सकाळी डोळ्यांना उजेड मिळाला की रात्री झोपही वेळेवर यायला लागते. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो. बाहेर आभाळ भरलेलं असलं तरी तो हजारांत जातो. म्हणून पावसाळ्यातही व्हरांड्यात उभं राहण्याने फरक पडतो.

मुंबईत मे अखेरीस सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, जानेवारीत सव्वासात होतात. हिवाळ्यात लवकर उठणाऱ्यांनी उजेडासाठी थांबून राहू नये. स्टेशनपर्यंत चालत जावं, तेवढ्यात काम होतं. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी शेअर रिक्षा सोडते आणि उतरणीचा रस्ता धरते. फक्त त्या महिन्यांत धुरकं फार असेल तर मास्क लावा, आणि पळायचा वगैरे व्यायाम ऊन वर आल्यावरच करा. थंडीत घाण हवा जमिनीलगत अडकून राहते.

चहा, नाश्ता

चहा बसून प्या. उभ्याने, फोडणी परतता परतता प्यायलेला चहा प्यायल्यासारखा वाटत नाही, म्हणून दहा वाजता दुसरा लागतो. नाश्त्याला नवनवे प्रकार सकाळी करायला जाऊ नका. पाववाल्या भय्याकडचा पाव, रात्रीची चपाती, केळं, भिजवलेले शेंगदाणे चालतील. पोहे, उपमा रविवारी.

घरातली बाकीची माणसं

एकटीची सकाळ शांत करून उपयोग नाही. घरातल्या चौघांपैकी एक जण जरी ओरडत असेल तर ती शांतता पाच मिनिटं टिकत नाही. आणि मला हे स्पष्ट लिहायचं आहे: सकाळचं सगळं काम एकाच बाईवर असेल, तर कितीही दीर्घ श्वास घेतले तरी तिची सकाळ शांत होणार नाही. आधी काम वाटा.

आमच्याकडे वाटणी एका रविवारी जेवताना झाली. तक्रारीच्या सुरात बोलले असते तर भांडण झालं असतं. मी तो अडलेल्या जागांचा कागद मधे ठेवला आणि एकेक ओळ वाचली. नवरा म्हणाला, 'कळशा आणि वरची टाकी मी बघतो, तू पिंप बघ.' लेकाने स्वतःचं दप्तर आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या. सासूबाई म्हणाल्या, 'डबे मी भरते, तू नुसतं करून ठेव. मला बसून भरता येतात.' त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मी त्यांना काही सांगत नव्हते. त्यांना मात्र आपल्याला कुणी काही काम देत नाही याचं वाईट वाटत होतं. ते मला त्या रविवारी कळलं.

एक छोटी रीतही पाडली. सहा वाजेपर्यंत घरात कुणी कुणाला लांबून हाक मारायची नाही. काही हवं असेल तर जवळ जाऊन विचारायचं. दहा पावलांच्या घरात हे अवघड नाही, आणि याने सकाळचा निम्मा गोंगाट गेला.

ज्यांची सकाळ दुपारी होते

रात्रपाळी करणाऱ्यांना 'लवकर निजे, लवकर उठे' ऐकवून उपयोग नाही. तुम्ही दुपारी दोनला उठत असाल तर तीच तुमची सकाळ. उठल्यावर पाणी, पंधरा मिनिटं रिकामी, मग उजेड, हाच क्रम ठेवा. झोपताना खिडकीला जाड पडदा किंवा काळं कापड लावा आणि सकाळी घरी परतताना टोपी-गॉगल घाला, म्हणजे उन्हाने झोप उडत नाही. सुट्टीच्या दिवशीही झोपेची वेळ फार हलवू नका. पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील तर क्रम तेवढा सांभाळा, घड्याळाच्या मागे लागू नका.

चार-पाच मुलं मिळून खोली घेऊन राहात असाल तर खरी मारामारी संडास-बाथरूमची. रविवारी बसून नंबर लावा, भिंतीवर लिहा. ज्याचा नंबर शेवटचा त्याला सगळ्यात मोठा रिकामा वेळ मिळतो, म्हणून नंबर दर आठवड्याला फिरवा.

तान्हं बाळ असलेल्या आयांना इतकंच सांगेन, सध्या सकाळ वगैरे राहू द्या. बाळ झोपलं की झोपा. ही पद्धत दीड-दोन वर्षांनी तुमची वाट बघत इथेच असेल.

मोडतं तेव्हा

मोडणारच. गणपतीत रात्री एक-एक वाजेपर्यंत जागरण, मे महिन्यात गावाला, जुलैत एखाद्या दिवशी रुळांवर पाणी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एक नवी सवय निवडून ती रोज पाळायला सांगितली होती. सवय आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाचं १८ दिवसांत जमलं आणि कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. एकवीस दिवसांत सवय लागते असं कुणी सांगितलं आणि बाविसाव्या दिवशी तुमची लागलेली नसली, तर सोडू नका. अजून दीड महिना द्या.

चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करू नका. परत फक्त पाटावर बसा. रविवारी मेगाब्लॉक आहे, कुठे जायचं नाही, म्हणून आठपर्यंत लोळायची इच्छा झाली तर तासभर जास्त झोपा, त्याहून जास्त नको. नाहीतर सोमवार जड जातो.

आणि एक दुसरी खूण हाताशी ठेवा, कारण पहिली कधीतरी हुकतेच. गेल्या वर्षी जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी आमच्या भागात चोवीस तास पाणी नव्हतं. आदल्या रात्री सगळं भरून ठेवलं होतं, उठायचं काही कारण नव्हतं. तरी ५.१२ ला माझे डोळे उघडले. नळ गप्प होता. मी तांब्यातलं पाणी प्यायले आणि सवयीने पाटावर जाऊन बसले. पिंप काठोकाठ भरलेलं, झाकलेलं. किती वेळ झाला ते आवाजावरून कळेना, म्हणून मी श्वासच मोजत राहिले. मागून सासूबाई हळूच येऊन शेजारी टेकल्या आणि त्यांनी तळहात उघडले. खालच्या गल्लीत पाववाल्याची सायकल वाजली तेव्हा आम्ही दोघी उठलो.

तेव्हापासून पाणीकपातीच्या दिवसांसाठी ती सायकलची घंटी ही माझी दुसरी खूण आहे. तुमच्या गल्लीत पहाटे काय वाजतं, ते उद्या ऐकून ठेवा.